बेळगावात नव्याने राहायला आलात? लाईट बिल आणि गॅसचा खर्च असा कमी करा

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडून किंवा आणखी लांबून बेळगावात बिऱ्हाड मांडणारे लोक पहिल्याच महिन्यात विचारतात, इथे स्वस्त वीज कुठल्या कंपनीची? कंपनी निवडायची सोय घरगुती ग्राहकाला नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, सगळीकडे वीज हेस्कॉमची, म्हणजे हुबळी वीजपुरवठा कंपनीची. अपवाद हुक्केरी तालुक्याचा. तिथल्या गावांना ग्रामीण वीज सहकारी संघ वीज देतो आणि अशी संस्था कर्नाटकात ती एकच. दर मात्र दोन्हीकडे कर्नाटक वीज नियामक आयोगच ठरवतो.

तरीही एकाच गल्लीत, सारख्याच दोन खोल्यांच्या घरांत एकाला शून्य बिल येतं आणि शेजारच्याला दीड हजाराच्या वर. हा फरक कागदपत्रांमुळे आणि एका आकड्यामुळे पडतो. नव्याने आलेल्यांना तो आकडा कुणी सांगत नाही आणि त्यांचे पैसे महिनोन्‌महिने विनाकारण जातात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी बिल वाचायला शिका

मीटर रीडर हातातल्या मशीनमधून जी लांबट चिठ्ठी काढून देतो, तेच बिल. ती उन्हात ठेवली की अक्षरं उडतात, त्यामुळे हातात पडताच फोटो काढून ठेवा. बराचसा मजकूर कन्नडमध्ये असतो, पण कामाचे शब्द मोजकेच आहेत. ‘हिंदिन मापन’ म्हणजे मागचं रीडिंग, ‘इंदिन मापन’ आजचं, ‘बळके’ म्हणजे वापरलेली युनिट, ‘निगदित शुल्क’ म्हणजे स्थिर आकार. ‘बाकी’ला तर भाषांतरच नको. कन्नड वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून एकदा वाचून घ्या आणि चिठ्ठीच्या फोटोवर मराठीत खुणा करून ठेवा. पुढच्या महिन्यापासून कुणाची गरज लागत नाही.

दोन नंबर जपून ठेवायचे: आर. आर. नंबर (तुमच्या वीजजोडणीचा नोंदणी क्रमांक) आणि अकाउंट आयडी. सगळे अर्ज, सगळ्या तक्रारी याच नंबरांवर चालतात. त्यांच्याजवळच मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे ते, किलोवॅटमध्ये लिहिलेलं असतं. स्थिर आकार त्यावरच ठरतो, म्हणून तोही बघून ठेवा.

महाराष्ट्रातून आलेल्यांनी एक सवय मोडायला हवी. तिकडे 100, 300 आणि 500 युनिटचे टप्पे असतात, वापर वाढेल तसा दर चढतो. कर्नाटकात एप्रिल 2024 पासून घरगुती विजेला सरसकट एकच दर आहे. 2025-26 साठी तो युनिटला 5 रुपये 80 पैसे आणि स्थिर आकार किलोवॅटला महिना 145 रुपये असा ठरला. त्यावर वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-ग्रॅच्युइटीचा अधिभार युनिटला 36 पैसे, दर महिन्याला बदलणारा इंधन समायोजन आकार आणि वीज आकारावर 9 टक्के कर. हे दर दरवर्षी बदलतात, तेव्हा एप्रिल-मेच्या बिलावरचा दर आवर्जून बघा.

गृहज्योती: खरी बचत इथे आहे

राज्य सरकारची गृहज्योती योजना जुलै 2023 च्या वापरापासून लागू झाली. ‘200 युनिट फुकट’ एवढंच सगळ्यांच्या कानावर असतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. प्रत्येक घराला 200 युनिट मिळत नाहीत. त्या मीटरवर 2022-23 या वर्षात महिन्याला सरासरी किती वीज लागली ते काढतात, त्यात 10 टक्के मिळवतात आणि तेवढी युनिट त्या घराच्या हक्काची ठरतात. सरासरी 100 असेल तर हक्क 110 युनिटचा. ज्या घराला मागचा हिशेबच नाही, उदाहरणार्थ नव्याने बांधलेलं घर, त्याच्यासाठी राज्याची सरासरी 53 युनिट धरून 58 युनिटचा हक्क दिला गेला. फार कमी वापर असलेल्या घरांसाठी 2024 मध्ये नियम थोडा सैल केला, तेव्हा तुमचा नेमका आकडा बिलावरच पाहावा.

आता तो आकडा कसा चालतो ते पाहा. हक्काच्या आत वापर राहिला तर बिल शून्य. हक्काच्या वर पण 200 च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. आणि 200 ओलांडले तर त्या महिन्याचं संपूर्ण बिल तुमच्या माथी, एकही युनिट माफ नाही.

2025-26 च्या दराने हिशेब करू. समजा तुमचा हक्क 180 युनिटचा आणि मंजूर भार 2 किलोवॅट आहे. महिन्यात 195 युनिट जळली तर वरच्या 15 युनिटचे 87 रुपये आणि त्यावरचा किरकोळ कर. त्याच महिन्यात 205 जळली तर 205 युनिटचे 1,189 रुपये, शिवाय 2 किलोवॅटला 290 रुपये स्थिर आकार, शिवाय अधिभार आणि कर. दहा युनिटच्या फरकाने बिल शंभरावरून सोळाशेच्या पुढे जातं. दहा युनिट म्हणजे दोन किलोवॅटचा गिझर पाच तास. दिवसाला दहा मिनिटं.

ज्यांचा वापर 170-180 च्या पुढे असतो त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मीटरवर नजर ठेवा. रीडिंग साधारण कुठल्या तारखेला घेतात ते बिलावर कळतं. त्या तारखेपासून वीस दिवस झाले की मीटर बघा आणि मागच्या रीडिंगमधून वजा करा. 130 च्या आत असाल तर काळजी नाही. 140 झाली असतील तर उरलेले दिवस इस्त्री, गिझर, मोटर यांवर हात आवरा. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम दिलं तर ते अगदी मन लावून करतं.

नोंदणी कशी करायची

राज्य सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर स्वतः करता येते, अर्जाला फी नाही. मोबाईलवर जमत नसेल तर शहरात ‘बेळगाव वन’, गावात ‘ग्राम वन’ ही सरकारी सेवा केंद्रं आहेत. बरोबर हवं आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल (ओटीपी त्यावरच येतो), आणि बिलावरचा अकाउंट आयडी. भाडेकरू असाल तर भाडेकरार किंवा त्या पत्त्यावरचं मतदार ओळखपत्र. मीटर तुमच्या नावावर असण्याची गरज नाही. तुम्ही मालक की भाडेकरू एवढं निवडायचं आणि आधार त्या मीटरला जोडायचं. एका आधारवर एकच मीटर.

हे वाक्य पुन्हा वाचा, कारण भाडेकरूंचे सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात. तुमच्या आधी त्या खोलीत राहणाऱ्याने आपलं आधार त्या मीटरला जोडून ठेवलं असेल तर तुमचं जोडलं जात नाही. तुम्हीही आधीच्या घरात नोंदणी केली असेल, मग ते हुबळीत असो की टिळकवाडीत, तर तिथून ती काढल्याशिवाय इथे होत नाही. यासाठी 2024 मध्ये सेवासिंधूवर आधार सोडवायची, म्हणजे डी-लिंकची, सोय आली. घर सोडताना शेवटचं बिल भरून झालं की त्याच दिवशी डी-लिंक करून टाका. तुमच्या मागून येणाऱ्या कुटुंबाचे त्याने कितीतरी पैसे वाचतील.

जुनी थकबाकी असेल तर आधी ती मिटवावी लागते. म्हणून घराचा अॅडव्हान्स देण्याआधी मालकाकडून शेवटच्या दोन-तीन बिलांचे फोटो मागून घ्या. त्यातून तीन गोष्टी कळतात: बाकी आहे का, हक्काची युनिट किती, आणि मीटर घरगुती आहे की व्यापारी. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची, कारण व्यापारी मीटरला गृहज्योती नाही. पुढच्या खोलीत किराणा किंवा झेरॉक्सचं दुकान आणि मागे बिऱ्हाड, अशी घरं बाजारपेठेच्या भागात पुष्कळ आहेत. दोघांना एकच मीटर असेल तर ते व्यापारी दरात जाऊ शकतं. शहापूर, वडगाव, खासबागमध्ये घरातच यंत्रमाग असतात. मागाचं मीटर वेगळं आणि घराचं वेगळं असायलाच हवं. विणकरांसाठीची वीज सवलत वेगळी आहे, तिची चौकशी हातमाग व वस्त्रोद्योग खात्यात करा. गावाकडे 10 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, पण त्या लाईनवर घर जोडणं गुन्हा आहे, कुणी सुचवलं तरी ऐकू नका.

सबमीटरच्या खोल्या

कॉलेजसाठी किंवा केएलई हॉस्पिटलमध्ये नोकरीसाठी आलेली मुलं-मुली बहुधा अशा घरात राहतात जिथे हेस्कॉमचं एकच मीटर असतं आणि प्रत्येक खोलीला मालकाने बसवलेला सबमीटर. चार खोल्यांचा वापर एकाच आर. आर. नंबरवर जमा होतो, 200 सहज ओलांडले जातात, कुणालाच सवलत मिळत नाही. वर मालक युनिटला मनाला येईल तो दर लावतो. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीकडून तिचा घरमालक वर्षभर युनिटला दहा रुपये घेत होता, आणि हेस्कॉमचं मूळ बिल तिने कधी पाहिलेलंच नव्हतं.

इथे भांडून फारसं हाती लागत नाही, आधी बोलून ठरवणं बरं. खोली घेतानाच दोन गोष्टी कागदावर घ्या: मूळ बिल दर महिन्याला दाखवलं जाईल आणि त्याचे पैसे सबमीटरच्या प्रमाणात वाटले जातील. स्वतंत्र स्वयंपाकघर असलेला मजला असेल तर मालकाला वेगळं मीटर घ्यायला सुचवा. वेगळ्या मीटरवर भाडेकरू स्वतःच्या आधारवर गृहज्योती घेऊ शकतो आणि मालकाची स्वतःची सवलतही शाबूत राहते. हे मालकाला समजावलं की बहुतेक जण तयार होतात, कारण असं घर लवकर भाड्याने जातं.

200 च्या वर जाणारच असाल तर

मोठं कुटुंब, बोअरवेलची मोटर, वॉशिंग मशीन, मग 200 मध्ये बसत नाही. तेव्हा आधी मंजूर भार तपासा. 5 किलोवॅट मंजूर आणि गरज 3 चीच, तर 2025-26 च्या दराने महिन्याला 290 रुपये जास्तीच्या स्थिर आकारात जातात. भार कमी करायचा अर्ज उपविभागीय कार्यालयात देता येतो. मात्र खरी गरज मोजूनच द्या, मंजुरीपेक्षा जास्त भार ओढला तर दंड बसतो.

बेळगावात एसीची गरज बहुतेक घरांना नसते. इथलं बिल वाढवतो तो गिझर, जून ते सप्टेंबरच्या ओल्या दिवसांत आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. तापवून लगेच बंद केला तर ठीक, चालू ठेवून विसरला तर तासाला दोन युनिट. अंगण असेल तिथे बंब अजूनही चांगला. जुना पंखा 75 वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा पंखा 30 च्या आसपास. दिवसाला 12 तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळाएक युनिट वाचतात.

स्वतःचं छप्पर असेल तर त्यावर सोलर बसवायला केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे: पहिल्या 2 किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये आणि 3 किलोवॅट किंवा त्यावर एकूण 78,000 रुपये अनुदान. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर. पण गृहज्योतीत शून्य बिल येत असेल तर सोलरवर खर्च करायची घाई नको. ज्यांचं बिल दर महिन्याला दोन हजारांच्या वर जातं त्यांच्यासाठी ती आहे.

गॅस

सिलिंडरची किंमत इंडेन, एचपी, भारत तिन्हींची जवळपास सारखीच, त्यामुळे कंपनी बदलून पैसे वाचत नाहीत. सेवा वाईट असेल तर मात्र वितरक बदलायची पोर्टेबिलिटी आहे, कनेक्शन मोडावं लागत नाही.

महाराष्ट्रातलं कनेक्शन इकडे आणायचं तर जुन्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घ्या, अनामत परत घ्या. इथे ते व्हाउचर दाखवून नव्या दराने अनामत भरायची. जून 2022 पासून ती 14.2 किलोच्या सिलिंडरला 2,200 आणि रेग्युलेटरला 250 रुपये आहे. नवं कनेक्शन घेताना एजन्सी शेगडी किंवा इतर सामान गळ्यात मारू पाहते, ते घेणं बंधनकारक नाही.

घरात आधी कुठलंच गॅस कनेक्शन नसेल आणि परिस्थिती बेताची असेल तर घरातल्या बाईच्या नावावर उज्ज्वलासाठी अर्ज करा. पोटापाण्यासाठी स्थलांतर करून आलेल्यांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. उज्ज्वला ग्राहकांना सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान मिळतं, 2025-26 मध्ये वर्षाला 9 सिलिंडरपर्यंत. ते थेट बँक खात्यात येतं, म्हणून आधार बँकेला जोडलेलं आणि एजन्सीत ई-केवायसी झालेलं हवं.

गेलची दाभोळ-बेंगळूर गॅसवाहिनी याच जिल्ह्यातून जाते आणि शहराच्या काही भागांत मेघा गॅसची पाइपलाइन घरापर्यंत आली आहे. ती स्वस्त पडेल का, हे घरबसल्या काढता येतं. एका 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते ती पाइप गॅसच्या साधारण 17 घनमीटरांत मिळते. सिलिंडरच्या किमतीला 17 ने भागा. सिलिंडर 850 रुपयांचा असेल तर 50 रुपये येतात. पाइप गॅसचा घनमीटरचा दर, करासकट, याच्या खाली असेल तर फायदा. पण अनामत, जोडणीचा खर्च आणि दर महिन्याचा किमान आकार विचारूनच ठरवा. एकट्यादुकट्या माणसाला किमान आकार महाग पडू शकतो. आणि भाड्याच्या घरात पाइप घ्यायची असेल तर घर सोडताना अनामत कुणाला परत मिळणार ते मालकाशी आधीच बोलून घ्या.

शिल्लक युनिटचा उपयोग

बऱ्याच घरांच्या हे लक्षातच आलेलं नाही. समजा हक्क 130 युनिटचा आहे आणि वापर 90 च होतो. उरलेली 40 युनिट पुढच्या महिन्यात जमा होत नाहीत. त्यात चहा, दूध, भात इंडक्शनवर केला तर विजेचं बिल शून्यच राहतं आणि गॅस वाचतो. एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला ढोबळमानाने 135 युनिट लागतात. म्हणजे 30-35 युनिटमध्ये महिन्याला पाव सिलिंडरचं काम निघतं, तीन-चार महिन्यांत एक सिलिंडर कमी लागतो. विकतची वीज जाळून मात्र हे करू नका. 135 युनिटचे करासकट पैसे सिलिंडरच्या आसपासच जातात, काहीच वाचत नाही. आणि 200 च्या काठावर असाल तर इंडक्शनला हातच लावू नका.

सिलिंडर घेताना आणि बिल चुकल्यावर

सिलिंडर दारात आला की वजन करून घ्या. वजनकाटा सोबत ठेवणं पोचवणाऱ्यावर बंधनकारक आहे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, समजा 15.8. त्यात 14.2 मिळवले की 30 किलो भरायला हवेत. कमी भरला तर घेऊ नका, दुसरा मागा. पावतीवरच्या रकमेत घरपोच सेवा धरलेली असते, वरचे वीस-तीस रुपये देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. उलट गोदामातून स्वतः आणलात तर पावतीत सूट मिळते, ती मागून घ्या. गळतीचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका आणि घराबाहेर येऊन 1906 वर फोन करा.

वीज बिलात गडबड वाटली तर आधी मीटरचा, तारीख दिसेल असा फोटो काढा. मग 1912 वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तिथे काम झालं नाही तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. कन्नडमध्ये दिला तर लवकर हलतो, बेळगाव वनच्या आसपास अर्ज लिहून देणारे भेटतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तरीही दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, तिथे याच शिक्क्याच्या प्रती मागतात.